इंदुरात राहून टेक्नॉलॉजी पॉलिसीवर संशोधन करता येतं का?

प्रश्न विचारणारीनं स्वतःबद्दल एवढंच सांगितलंय: इंदूरची, मराठी घरातली, एम.ए. अर्थशास्त्राचं शेवटचं वर्ष. टेक्नॉलॉजी पॉलिसी आणि सगळ्यांना इंटरनेट सारखं मिळणं, या विषयात संशोधन करायचंय. शंका तीन. इंजिनिअर नाही, तर जमेल का? दिल्ली-बंगळूर गाठावंच लागेल का? पोट भरेल का? चौथी शंका तिच्या बाबांची आहे आणि मला तीच सगळ्यात आवडली: "पण हे नक्की काम काय असतं?"

मी या कामात वीसेक वर्षं आहे, त्यातली बहुतेक इंदुरात काढली. माझ्या घरच्यांनाही बरीच वर्षं "ही कॉम्प्युटरचं काहीतरी करते" एवढंच माहीत होतं. म्हणून बाबांपासून सुरुवात करते.

सरकार किंवा एखादी कंपनी एक सोय इंटरनेटवर नेते. रेशन, पेन्शन, जमिनीची नक्कल, शाळेतला प्रवेश, काहीही. जाहिरातीत असतं, "आता घरबसल्या मिळवा." ते कुणाला खरंच घरी बसून मिळतं आणि कुणाला त्यासाठी मजुरी बुडवून बस पकडावी लागते, हे आम्ही मोजतो. मग ते मोजमाप नियम लिहिणाऱ्या माणसापर्यंत न्यायचं, आणि तेही अशा रीतीनं की नियमातली नेमकी ओळ कुठली बदलायची हे त्याला कळावं. पहिलं काम उन्हातलं, दुसरं खुर्चीतलं. दोन्ही करणारी माणसं कमी आहेत, म्हणून या क्षेत्रात अजून जागा आहे.

आता इंदूर सोडण्याबद्दल. गंगवाल बसस्टँडवरून धारची बस धरा, दीड-दोन तासांत पोचाल. आपल्याकडच्या मराठी लोकांना धार म्हणजे पवारांचं संस्थान आणि कुणाची तरी आत्या. पण डिजिटल विकासाचा अभ्यास करणाऱ्यांना जगभर हा जिल्हा माहीत आहे. जानेवारी २००० मध्ये तिथे 'ज्ञानदूत' सुरू झाला. गावात 'सूचनालय' नावाची खोली, त्यात एक कॉम्प्युटर, तो टेलिफोनच्या तारेवरून जिल्ह्याच्या जाळ्याला जोडलेला, आणि गावातलाच एक शिकलेला मुलगा तो चालवणार. मंडीचे भाव, खसऱ्याची (जमिनीच्या नोंदीची) नक्कल, तक्रारीचा अर्ज, सगळं थोड्या पैशांत. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. देशभर कॉमन सर्व्हिस सेंटर, म्हणजे ऑनलाइन सरकारी सेवांची केंद्रं, उघडण्याची केंद्राची योजना मंजूर झाली २००६ मध्ये, म्हणजे त्यानंतर सहा वर्षांनी.

२००० मध्येच आयटीसी कंपनीनं मध्य प्रदेशातल्या सोयाबीनच्या पट्ट्यात ई-चौपाल आणली: गावात इंटरनेटचा किऑस्क, तिथे शेतकऱ्याला भाव कळायचा आणि सोयाबीन मंडीऐवजी थेट कंपनीला विकता यायचं. तिच्यावर अपराजिता गोयल यांचा २०१० साली छापलेला अभ्यास आहे; अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीनं तो वाचायलाच हवा. त्यांनी मंड्यांमधले सोयाबीनचे भाव महिन्यामहिन्यानं तपासले आणि किऑस्क कुठे कधी सुरू झाला याच्याशी ते ताडून पाहिले. भावात सरासरी १ ते ३ टक्के वाढ दिसली. आकडा छोटा वाटेल, पण तो मंडीचा भाव आहे. म्हणजे ज्या शेतकऱ्यानं जन्मात किऑस्कची पायरी चढली नाही, त्यालाही मंडीत थोडे जास्त पैसे मिळाले, कारण व्यापाऱ्याला आता समोर स्पर्धक होता. नुसत्या किऑस्कवर आलेल्यांच्या मुलाखती घेतल्या असत्या तर हा फायदा दिसलाच नसता. तुमच्या एम.ए.चा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर हे उदाहरण सांगा.

पण एकट्या आकड्यांवर विसंबलात तर काय होतं, ते माझ्याच चुकीवरून सांगते. सुरुवातीच्या वर्षांत माळव्यातल्या काही गावांत आम्ही घरोघरी पाहणी केली. प्रश्नावली मी तयार केली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. त्यात प्रश्न होता, "घरात मोबाइल आहे का?" उत्तर द्यायला ओट्यावर अर्थातच घरातला पुरुष. तो "आहे" म्हणायचा, आम्ही खूण करायचो. शेवटच्या दिवशी एका घरी पाणी प्यायला आत गेले. बाई लसूण सोलत बसली होती. सहज म्हटलं, फोन कुणाचा? ती म्हणाली, "घर को है." मग म्हटलं, आत्ता कुठे आहे? "उनके खीसे में. वो खेत में." भाऊ आजारी पडला तेव्हा दोन दिवसांनी कळलं, असंही ती सांगून गेली. माझ्या फॉर्मवर त्या घरासमोर "आहे" अशी स्वच्छ खूण होती. त्या खुणांवर बेतलेलं एक आख्खं प्रकरण मी नंतर अहवालातून काढून टाकलं. तोपर्यंत त्याचा सारांश पुढे गेला होता, आणि तो परत मागवता आला नाही.

तेव्हापासून मी विचारते: सिम कुणाच्या नावावर? रिचार्जचे पैसे कोण देतं? लॉक कुणाला उघडता येतं? दुपारी दोन वाजता फोन कुठे असतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा प्रश्न नीट विचारलेला आहे: बाईकडे ती स्वतः वापरते असा मोबाइल आहे का? २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशात ५४ टक्के बायकांनी "हो" म्हटलं. मध्य प्रदेशात फक्त ३८.५ टक्क्यांनी, देशात सर्वांत कमी. त्याच पाहणीत कधी तरी इंटरनेट वापरलेले देशातले पुरुष ५७ टक्के होते आणि बायका ३३. आपल्याला विषय शोधत फिरायची गरज नाही, तो आपल्याच राज्यात बसलाय.

आकडे वाचताना आधी प्रश्न काय विचारला होता ते बघा आणि मगच टक्केवारी. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या जेमतेम १५ टक्के आणि शहरातल्या ४२ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. २०२५ च्या दूरसंचार पाहणीत देशातल्या ८६ टक्क्यांहून जास्त घरांत इंटरनेट आहे असं आलं. यावरून "दरी बुजली" असे लेख लगेच आले. घर हे एकक धरलं की त्या लसूणवाल्या बाईचं घरही बुजलेल्या बाजूला जातं. या पाहण्यांचा घरनिहाय मूळ डेटा सांख्यिकी मंत्रालय फुकट उतरवून घेऊ देतं. स्टाटा किंवा आर या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरपैकी एक शिका आणि स्वतः कोष्टकं काढा. मी अजूनही नवीन मुलांना पहिला महिना हेच करायला लावते. कुरकुरतात.

आता एक दिवस जरा सविस्तर सांगते, कारण बाबांना "काम काय" ते यातून जास्त समजेल.

एप्रिल २०२३. मध्य प्रदेशात लाडली बहना या बायकांना दरमहा पैसे देणाऱ्या योजनेचे अर्ज भरणं सुरू होतं. त्यासाठी समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा नोंदणी क्रमांक, आधारशी जोडून ओळख पटवलेली हवी; यालाच ई-केवायसी म्हणतात. धार जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका किऑस्कवर मी वही घेऊन बसले होते. अकराच्या सुमारास तिशीतली एक बाई आली, कडेवर पोर. ऑपरेटरनं अंगठा ठेवायला सांगितला. लागला नाही. ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा ठेवला. मग तर्जनी, मग दुसरा हात. हातांवर रेषा म्हणून काही उरलेल्याच नव्हत्या, बांधकामावर जाणारी होती ती. मग ओटीपी. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, आणि नवरा मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात. ऑपरेटरनं स्वतःच्या फोनवरून त्याला लावला, उचलला नाही. कामाच्या वेळी फोन जवळ ठेवू देत नाहीत, असं ती म्हणाली. ती बाहेर चिंचेखाली जाऊन बसली. दीड वाजता नवऱ्याचाच फोन आला. ओटीपी पाठवला, त्यानं जोड्या करून वाचला, शेवटची जोडी "उनहत्तर", म्हणजे सहा-नऊ. ऑपरेटरनं टाकले पाच-नऊ. चूक. दुसऱ्यांदा पाठवेपर्यंत लाइन तुटली. पुन्हा फोन, पुन्हा ओटीपी. दोन वाजून काही मिनिटांनी स्क्रीनवर हिरवी खूण उमटली. पोर तोवर झोपलं होतं.

माझ्या वहीत या एका ई-केवायसीचं दीड पान आहे. सरकारच्या सर्व्हरवर काय उरलं असेल? एक यशस्वी व्यवहार, वेळ दुपारी दोन. तीन तास, बुडालेली मजुरी, दुसऱ्याच्या फोनवर उघड झालेला ओटीपी, यातलं काहीही त्या नोंदीत नाही. वर बसलेल्या अधिकाऱ्याला डॅशबोर्डवर हिरवंच दिसतं आणि तो खोटं बोलत नसतो. त्याच्यापर्यंत दुसरं काही पोचतच नाही. मी माझ्या टिपणात दोनच मागण्या केल्या होत्या: फसलेले प्रयत्नही मोजा आणि ते जिल्हावार छापा. योजना वाईट की चांगली यावर मी एक शब्द लिहिला नाही. लिहिला असता तर टिपण राजकारणाच्या ढिगात गेलं असतं.

पॉलिसीवाली बाजू कशी चालते, त्याचंही एक उदाहरण. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, कुठलाही मोठा निर्णय घेण्याआधी कन्सल्टेशन पेपर काढतं. पारदर्शकता पाळण्याचं बंधन १९९७ च्या कायद्यानंच त्याच्यावर घातलंय. त्यात क्रमांक घातलेले प्रश्न असतात आणि तुम्ही-आम्ही कुणीही उत्तर देऊ शकतो. डिसेंबर २०१५ मध्ये वेगवेगळ्या वेबसाइटसाठी डेटाचे दर वेगळे असावेत का, असा पेपर आला. ठरावीक वेबसाइट फुकट दाखवणारं फेसबुकचं फ्री बेसिक्स तेव्हा गाजत होतं. लाखो लोकांनी एकाच मसुद्याचे ई-मेल पाठवले आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यात नाहीत, असं ट्रायला जाहीरपणे सांगावं लागलं. ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभावाच्या दरांवर बंदी घालणारा नियम आला. तेव्हापासून मी शिकाऊ मुलांना सांगते, उत्तराची सुरुवात "प्रश्न क्र. १" अशी करा. निबंध कुणी वाचत नाही. विद्यार्थी म्हणून तुमचं पहिलं खरंखुरं प्रकाशन हेच होऊ शकतं. उत्तरं ट्रायच्या वेबसाइटवर नावासकट लागतात.

कोर्टाचे निकाल वाचायची सवय लावा, वकील नसलात तरी. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं हॉस्टेलमध्ये ठरावीक वेळात मोबाइल बंदी घालणाऱ्या नियमाविरुद्ध फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या बाजूनं निकाल दिला आणि इंटरनेटचा संबंध शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काशी जोडला. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेवर निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या माणसाला ई-केवायसीच्या कॅमेऱ्यासमोर पापणी लवता येत नसेल तर त्याचं बँक खातं उघडायचं कसं, हा मूळ प्रश्न. डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टानं म्हटलं आणि वीस निर्देश दिले. त्यातले किती जमिनीवर उतरले, हा आज कुणीही उचलावा असा प्रबंधाचा विषय आहे. इंदुरातल्याच दहा बँक शाखांत करता येईल.

इंजिनिअर नसल्याचं काय? कोड लिहिता यायलाच हवा असं नाही. पण सिग्नल टॉवरपर्यंत कसा येतो, फायबर कुठे संपतं, आधारचं प्रमाणीकरण कुठल्या क्रमानं होतं, एवढं कागदावर चित्र काढून सांगता यायला हवं. भारतनेटचं उदाहरण घ्या. २०११ मध्ये दुसऱ्या नावानं मंजूर झालेली ही योजना सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची. पंचायतीपर्यंत. तिथून शाळेपर्यंत, आरोग्य केंद्रापर्यंत, घरापर्यंत कोण नेणार, तिथेच सगळं अडतं. एखाद्या पंचायतीत जाऊन फायबर जिथे येऊन थांबतं ती पेटी बघा. दिवा लागलाय का, प्लग कुणी काढून पंखा लावलाय का, खोलीची किल्ली कुणाकडे आहे. किल्लीवर मी एकदा दोन पानं लिहिली होती, संपादकानं कापली.

पैशांचं स्पष्ट सांगते. सुरुवातीला फॉर्ममागे पैसे मिळायचे, बसभाडं त्यातूनच. पुढची कित्येक वर्षं अकरा-अकरा महिन्यांची कंत्राटं. आता परिस्थिती बरी आहे. बंगळूरचं आयटी फॉर चेंज, सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी, दिल्लीचं डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशन, कोलंबोची लर्न-एशिया अशा संस्था याच विषयात आहेत. आयआयआयटी बंगळूरमध्ये आयटी आणि धोरण यांचा अभ्यास होतो. भोपाळला राज्य सरकारची सुशासन संस्था आहे. शिकायला दोन-तीन वर्षं बाहेर जाऊन या, असंच मी म्हणेन. तिकडे वाचन आणि वादविवाद भरपूर होतात. पण २०२० मध्ये परदेशी निधीचा कायदा कडक झाला. एका संस्थेनं दुसरीला निधी देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. त्याची झळ आमच्यासारख्या छोट्या ठिकाणी बसणाऱ्यांना जास्त लागली. म्हणून पहिली पाच वर्षं घरभाड्याची सोय आधी बघा. इंदुरात स्वतःचं घर असणं ही या धंद्यातली शिष्यवृत्तीच समजा.

कंत्राटावर सही करताना अहवाल छापायचा हक्क कुणाचा, हे कलम वाचा. मी एकदा वाचलं नव्हतं. आठ महिन्यांचं काम, शेकडो मुलाखती. निष्कर्ष गैरसोयीचे निघाले आणि पैसे देणाऱ्यानं अहवाल कपाटात ठेवला. कुलूप त्यांचं होतं, मी काही करू शकले नाही. आता "बारा महिन्यांनंतर लेखकाला छापायची मुभा" एवढी ओळ घातल्याशिवाय सही करत नाही. दोन कामं त्यापायी गेली.

माहितीच्या अधिकाराचे अर्ज लिहायलाही शिका. एका अर्जात एकच गोष्ट मागा. मात्र २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं खासगी माहितीबद्दलचं कलम ८(१)(जे) बदललं, त्यामुळे लाभार्थ्यांच्या नावांच्या याद्या मिळवणं अवघड झालंय. नावं मागू नका, बेरजा मागा: किती अर्ज आले, किती फेटाळले, कारणवार किती.

भाषेबद्दल थोडं, कारण इथे आपल्या लोकांची एक सोय आहे आणि ती आपल्याला दिसत नाही. घरी मराठी, बाजारात हिंदी, भाजीवालीशी माळवी, पेपर इंग्रजीत. इंदूरच्या मराठी माणसाला लहानपणापासून एका भाषेतलं दुसरीत नेऊन ठेवायची सवय असते. फिल्डवर तेच करायचं असतं. भिली, म्हणजे भिल्लांची भाषा, मात्र शिका, निदान मोजणं आणि नाती. मी उशिरा शिकले.

आणि हा विषय फक्त खेड्यातला आहे असं समजू नका. माझी आई ब्याऐंशी वर्षांची, रामबागेत राहते, कुटुंब निवृत्तिवेतन घेते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. २०१४ मध्ये जीवन प्रमाण आलं, तो डिजिटल झाला, आणि आईचा अंगठा यंत्राला पटेनासा झाला. पुढे चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली. मी फोन धरते, ॲप पापणी मिटायला सांगतं, आई डोळे गच्च मिटून घेते आणि उघडतच नाही, कारण तिला वाटतं आता फोटो निघणार. गेल्या वर्षी पाचव्या प्रयत्नाला झालं. ते चालू असताना ती म्हणाली, "मी समोर बसलेय, तुला दिसतेय, एवढं पुरत नाही का गं त्यांना?" नुसत्या प्रमाणीकरणावर मी दोन शोधनिबंध लिहिलेत. त्यात हा प्रश्न इतका सरळ कुठेच आलेला नाही.

आता तुम्ही काय करायचं ते. परीक्षा संपल्यावर एक लोकसेवा केंद्र किंवा किऑस्क निवडा, घरापासून तासाभराच्या आत. ऑपरेटरला खरं सांगा, विद्यार्थिनी आहे, बघायला आलेय. पहिले दोन दिवस तो तुम्हाला तपासणीला आलेली समजेल आणि सगळं नियमाप्रमाणे करेल. ते दोन दिवस हिशेबात धरू नका. तिसऱ्या दिवसापासून लिहा: माणूस किती वाजता आला, कशासाठी, कितीदा अडला, कशावर, किती पैसे दिले, किती वाजता गेला. नावं आणि आधार क्रमांक लिहायचे नाहीत, फोटो काढायचे नाहीत. असे साठेक व्यवहार झाले की मला पाठवा, मग कुठल्या संस्थेला अर्ज करायचा ते बोलू. सोमवारी जाऊ नका, रांगेत उभं राहायलाही जागा नसते. वही साधी, पेनं दोन, आणि स्वतःचा फोन घरूनच चार्ज करून न्या. तिथला एकुलता प्लग प्रिंटरला लागतो.